फ्रेंच व्यंगचित्रपत्रांतील समाजविडंबन व १८३५ चा निर्बंध

पत्र, बखर, करीना, शकावली इत्यादि साधनें पुराव्यास घेतांना तीं कोणीं, केव्हां व कोणाच्या सांगण्यावरून लिहिलीं हें विचारण्याची संवय संशोधकांस आतां जडली आहे. परंतु छापील चित्र हातीं आलें म्हणजे हीच संवय पुष्कळदां सुटते. चित्र डोळ्यांस एकदम पटतें. त्यांत टोपी दिसते, खुर्ची दिसते, वकिलाचा झगा दिसतो. आणि त्या काळचा समाज असा होता, असा निर्णय देऊन पाहणारा मोकळा होतो. व्यंगचित्राच्या बाबतींत तर ही चूक दुप्पट घातक होय, कारण तेथें चित्रकार उघड उघड पक्षकार असतो. या दृष्टीनें एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच व्यंगचित्रपत्रें हा विषय फार उद्बोधक आहे. या पत्रांतील समाजविडंबन कोठून उत्पन्न झालें, तें कोणत्या मर्यादेंत वाढलें, आणि इतिहासाचें साधन म्हणून त्याचें मोल कसें ठरवावें, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

याविषयीं प्रचलित मत थोडक्यांत असें: १८३५ पर्यंत चित्रकार राजाशीं लढले, पुढें राजकारणाचा धुरळा खालीं बसला आणि ते समाजाच्या सर्वसामान्य विडंबनाकडे, जणूं कादंबरीच्या प्रांतांत, वळले. कवि शार्ल बोदलेर यानें १८५७ सालीं फ्रेंच व्यंगचित्रकारांवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत या मताचें बीज आहे. वर्णन म्हणून हें मत खरें आहे. कारणमीमांसा म्हणून तें अपुरें आहे. धुरळा आपोआप बसला नाहीं, तो कायद्यानें बसविला. आणि राजाचें चित्र काढण्याची बंदी झाल्यावर जें समाजचित्र निघालें तें, निदान त्याच्या उत्तम भागांत, त्याच राज्यव्यवस्थेचें दुसऱ्या बाजूनें काढलेलें चित्र होतें. हें आमचें म्हणणें तारखांच्या आधारें पुढें मांडतों.

प्रथम साधनाविषयीं दोन शब्द. हीं चित्रें शिळाछापाचीं होत. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियांत झेनेफेल्डर यानें ही युक्ति शोधून काढिली. शिळेवर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, शिळा पाण्यानें भिजवावयाची, मग शाई फिरवावयाची. तेलकट रेघ शाई धरते, भिजलेली जागा तिला झिडकारते. तांब्याच्या पत्र्यावर कोरण्यास आठवडे लागत. शिळेवर चित्रकाराच्या हातची रेघ जशीच्या तशी उमटे आणि काल घडलेल्या गोष्टीचें चित्र उद्यां विकावयास ठेवितां येई. शिळाछापाचा हा वेग आमच्याकडील वाचकांस अपरिचित नाहीं. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढिलें. त्याच सालीं पॅरिसांत त्याच कृतीनें राजाचें तोंड छापल्याबद्दल एक संपादक न्यायासनापुढें उभा होता. एकच यंत्र एका शहरीं तिथिनक्षत्रें सांगत होतें, तर दुसऱ्या शहरीं राजाचे ग्रह फिरवीत होतें.

तो संपादक म्हणजे शार्ल फिलिपों. याचा जन्म १८०० सालीं लियों शहरीं झाला. १८३० च्या जुलैमध्यें पॅरिसांत क्रांति होऊन दहावा चार्ल्स पदच्युत झाला व लुई फिलिप गादीवर आला. नव्या सनदेंत छपाईवरील पूर्वतपासणी पुन्हां कधींहि सुरू होणार नाहीं, असें वचन होतें. त्या वचनाच्या भरंवशावर ४ नोव्हेंबर १८३० रोजीं फिलिपोंनें 'ला कारिकात्यूर' हें साप्ताहिक काढिलें. प्रत्येक अंकांत चार पृष्ठें मजकूर व सामान्यतः दोन शिळाछाप चित्रें असत. वर्षाची वर्गणी ५२ फ्रँक होती. पॅरिसचा कारागीर त्या वेळीं दिवसास दोन-चार फ्रँक मिळवी, हें ध्यानांत घेतलें म्हणजे वर्गणीदार कोण होते हें सांगणें नको. परंतु चित्र पाहण्यास पैसा पडत नसे. फिलिपोंचा मेहुणा ओबेर याच्या दुकानाच्या कांचेआड नवीं चित्रें लावीत, आणि तेथें रस्त्यावरची गर्दी जमे. १ डिसेंबर १८३२ पासून फिलिपोंनें 'ल शारिव्हारी' हें दैनिकहि सुरू केलें. शारिव्हारी म्हणजे विजोड लग्न करणाऱ्याच्या दारापुढें तवे, थाळ्या बडवून गांवकऱ्यांनीं केलेला गोंगाट. आपल्याकडील शिमग्याच्या बोंबेशीं त्याचें नातें जवळचें आहे. हें पत्र पुढें १९३७ पर्यंत चाललें.

१८३१ च्या जून महिन्यांत 'ला कारिकात्यूर' मध्यें एक चित्र आलें. त्यांत राजा गवंड्याच्या वेषांत भिंतीवरील जुलै क्रांतीच्या खुणांवर गिलावा करीत आहे असें दाखविलें होतें. यावरून खटला झाला. १४ नोव्हेंबर १८३१ रोजीं फिलिपोंनें आपल्या बचावांत चार आकृति काढून दाखविल्या. पहिली राजाच्या मुखासारखी, दुसरींत गाल थोडे सुटलेले, तिसरींत आणखी, चौथी निव्वळ नासपती. त्याचा युक्तिवाद असा कीं, केवळ साम्य हाच अपराध असेल तर दुसऱ्या आकृतीस शिक्षा केली पाहिजे, मग तिसरीस, आणि शेवटीं फ्रान्सांतल्या प्रत्येक नासपतीस. न्यायाधीशांनीं सहा महिने कैद व २००० फ्रँक दंड सुनावला. परंतु त्या दिवसापासून नासपती हेंच राजाचें चित्र झालें. भिंतींवर पोरें नासपती काढूं लागलीं. पुढें शिक्षा झाली असतां 'शारिव्हारी'नें २७ फेब्रुवारी १८३४ च्या अंकांत निकालपत्राचा मजकूरच नासपतीच्या आकारांत जुळवून छापला. निकाल छापावा लागणें ही शिक्षा. तो कोणत्या आकारांत छापावा हें मात्र न्यायालयानें सांगितलें नव्हतें.

फिलिपोंच्या मंडळींत ग्राँव्हील, त्राव्हिएस इत्यादि चित्रकार होते, आणि त्यांत ओनोरे दोम्ये हा मार्सेयचा तरुण होता. १८०८ मध्यें जन्मलेला हा मनुष्य लहानपणीं न्यायालयाच्या बेलिफाकडे पोऱ्या म्हणून राहिला होता. १८३१ च्या डिसेंबरांत त्यानें लुई फिलिपास राब्लेच्या कथेंतील खादाड राक्षस कल्पून चित्र काढिलें: राक्षसाची जीभ फळीसारखी जमिनीपर्यंत टेकलेली, तिच्यावरून गरिबांच्या पैशाच्या टोपल्या वर चढत आहेत, आणि आसनाखालून सनदा व मानपत्रें बाहेर पडत आहेत. त्याबद्दल दोम्येस सहा महिन्यांची कैद झाली व ती त्यानें सेंत-पेलाजी तुरुंगापासून भोगावयास सुरुवात केली. दंडांच्या रकमा भागविण्यासाठीं फिलिपोंनें वर्गणीदारांस दरमहा एक मोठें चित्र देण्याची योजना काढिली. त्या मालेंतील शेवटचें, चोविसावें चित्र म्हणजे 'रू त्रांस्नोनेंची' हत्या. १८३४ च्या एप्रिलमध्यें पॅरिसांतील दंगलीच्या वेळीं सैनिकांनीं त्या गल्लींतील एका घरांत शिरून रहिवाशांस ठार केलें. दोम्येनें यांत एकहि सैनिक काढला नाहीं. रात्रीच्या कपड्यांतला एक मनुष्य पलंगाशेजारीं पडलेला आहे, आणि त्याच्या अंगाखालीं एक मूल. येथें हास्य नाहीं, अतिशयोक्तीहि नाहीं. सरकारनें शिळा व हातीं लागलेले छापे जप्त केले. त्यामुळें हें चित्र संग्राहकांस आज दुर्मिळ आहे.

२८ जुलै १८३५ रोजीं फिएस्की नांवाच्या इसमानें पंचवीस नळ्यांचें यंत्र रचून राजाच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडिल्या. राजा बचावला, १८ माणसें मेलीं. या घटनेचा आधार घेऊन ९ सप्टेंबर १८३५ चे कायदे झाले. यापुढें कोणतेंहि चित्र सरकारच्या पूर्वपरवानगीवांचून छापावयाचें वा विकावयाचें नाहीं. मग सनदेंतील वचनाचें काय? सरकारपक्षाचें उत्तर चतुर होतें: सनदेनें मत प्रसिद्ध करण्याची मोकळीक दिली आहे, चित्र हें मत नसून कृत्य आहे, तें डोळ्यांवाटे थेट विकारांस भडकवितें. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ज्यास अक्षर वाचतां येत नाहीं तोहि चित्र वाचतो, या भीतीची ही कायदेशीर कबुली होय. 'ला कारिकात्यूर'चा अखेरचा अंक २७ ऑगस्ट १८३५ चा आहे; कायदा अंमलांत येण्याआधींच पत्र मिटलें. 'शारिव्हारी' राहिलें, पण राजाविना.

आतां मुख्य प्रश्न. राजा चित्रांतून गेल्यावर रिकाम्या जागीं कोण आला? उत्तर आहे, रोबेर माकेर. हें पात्र मूळ एका सामान्य करुणनाट्यांतील दरोडेखोर. फ्रेदेरिक लमेत्र या नटानें त्यास थट्टेखोर, निर्लज्ज व वाक्पटु बनविलें. १८३४ सालीं त्याच्याच नांवाचें नवें नाटक आलें आणि १८३५ मध्यें सरकारनें तें बंद केलें. रंगभूमीवरून हांकललेल्या या पात्रास फिलिपोंनें शिळेवर आणिलें. १८३६ च्या ऑगस्टपासून १८३८ पर्यंत दोम्येनें 'शारिव्हारी'त त्याचीं शंभर चित्रें काढिलीं. त्यांखालील मजकूर फिलिपोंचा. माकेर बँक काढतो, वकिली करतो, वैद्यकी करतो, वर्तमानपत्र काढतो, लग्नें जुळवितो, धर्मादाय संस्था चालवितो. त्याचा सोबती बेर्त्रां भित्रा आहे. पहिल्याच चित्रांत माकेर अगणित भागांची पेढी काढण्याचा बेत सांगतो, बेर्त्रां शिपायांची आठवण देतो, आणि माकेर त्यास मूर्खांत काढतो; लक्षाधीशास कोणी पकडीत नसतें, हा त्याच्या उत्तराचा भावार्थ.

ही नुसती लुच्च्यांची गंमत आहे काय? त्या काळचा मताधिकार पाहावा. १८३१ च्या कायद्यानें ज्याचा प्रत्यक्ष कर २०० फ्रँक भरे त्यासच मत होतें. सुमारे सव्वातीन कोटि लोकवस्तींत मतदार होते १ लक्ष ६६ हजारांच्या आसपास. म्हणजे राज्य करण्याचा अधिकार मालमत्तेस होता, आणि मालमत्ता ज्या उपायांनीं मिळे त्यांत भागीदारी कंपन्यांचा सट्टा या वर्षांत ऐन भरांत आला होता. राजाचें मस्तक काढण्यास बंदी होती. राजा ज्यांच्या खांद्यावर बसला होता ते खांदे काढण्यास बंदी नव्हती. वाचकांनीं ही खूण ओळखली होती यास एक बाहेरचा पुरावा आहे. कार्ल मार्क्स यानें १८५० मध्यें फ्रान्सांतील वर्गकलहांवर लिहितांना लुई फिलिपाची गांठ थेट रोबेर माकेराशीं घातली. पंधरा वर्षांपूर्वीं कायद्यानें वेगळे केलेले राजा व ठक हे दोघे तेथें पुन्हां एक झाले.

तथापि एका उदाहरणावर सिद्धांत उभारणें धोक्याचें. म्हणून आम्हीं तारखांची कसोटी लाविली. राजकीय चित्र व समाजचित्र यांची भरतीओहोटी कायद्याबरोबर होते कीं चित्रकाराच्या मनोवृत्तीबरोबर? १८३० ते १८३५, छपाई तुलनेनें मोकळी: राजकीय चित्रांचा पूर. १८३५ ते १८४८, पूर्वपरवानगी: माकेर, दांपत्यजीवनाचीं चित्रें, १८४१ ते १८४३ मधील ग्रीक-रोमन वीरांची टवाळी, १८४५ पासून वकील-न्यायाधीशांची माला, १८४७ पासून घरमालक व भाडेकरू. १८४८ च्या फेब्रुवारींत क्रांति होऊन बंधन उठलें, आणि तोच दोम्ये तत्काळ राजकारणांत परतला. १८५० च्या सुमारास त्यानें 'रातापॉइल' हा बोनापार्टपक्षाचा दंडुकेवाला हस्तक निर्माण केला: झिजलेला कोट, पिळदार मिशा, हातीं सोटा. २ डिसेंबर १८५१ रोजीं लुई नेपोलियननें राज्य बळकाविलें. १७ फेब्रुवारी १८५२ च्या हुकुमानें पूर्वपरवानगी परत आली. रातापॉइल नाहींसा झाला आणि पुन्हां आगगाडीचे उतारू, चित्रप्रदर्शनाचे प्रेक्षक व रविवारचे शिकारी पानावर आले. एकाच मनुष्याची मनोवृत्ति वीस वर्षांत तीन वेळां नेमकी राजपत्राच्या तारखांस बदलावी, हें संभवत नाहीं.

दुसऱ्या साम्राज्याच्या उत्तरार्धांत हाच खेळ आंद्रे जिल यानें पुढें चालविला. ज्याचें व्यंगचित्र काढावयाचें त्याची संमति लागे. म्हणून 'ला ल्यून' म्हणजे 'चंद्र' या पत्रांत ती संमति त्या गृहस्थाच्याच हस्ताक्षरांत चित्राखालीं छापीत. १८६७ सालीं जिलनें रोकांबोल या लोकप्रिय कादंबरींतील भामट्याचें चित्र काढिलें, अर्धा अंग छानछोकीचा व अर्धा कैद्याचा; पाहणारांस त्यांत तिसरा नेपोलियन दिसला. चंद्र बंद पडला, आणि १८६८ च्या जानेवारींत त्याच मंडळींनीं 'लेक्लिप्स', म्हणजे 'ग्रहण', काढिलें. त्याच वर्षीं त्यांत आलेल्या एका खरबुजाच्या चित्रावरून चौकशी झाली, पण ती टिकली नाहीं. नासपतीपासून खरबुजापर्यंत सदतीस वर्षें गेलीं. फळ बदललें, धास्ती तीच राहिली. २९ जुलै १८८१ च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यानें चित्रांवरील ही पूर्वपरवानगी अखेर उठविली.

येथवर आम्हीं एक बाजू मांडली. दुसरी न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. सर्वच समाजचित्रें म्हणजे वेषांतर केलेलें राजकारण नव्हे. गाव्हार्नी याच्या पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या किंवा १८४१ पासूनच्या 'लोरेत' स्त्रियांच्या मालेंत राजद्रोह शोधणें व्यर्थ आहे. नोत्र-दाम-द-लोरेत या देवळाच्या परिसरांत राहणाऱ्या, कोणाच्या तरी आश्रयावर जगणाऱ्या या तरुणींस त्या देवळावरूनच नांव पडलें. गाव्हार्नी खालचा मजकूर स्वतः लिही, आणि त्यांत उपहासापेक्षां खिन्नताच अधिक असे.

शिवाय हसणारा कोठें उभा आहे हेंहि पाहिलें पाहिजे. १८४४ मध्यें दोम्येनें लेखिका स्त्रियांवर चाळीस चित्रांची माला काढिली. 'निळे मोजे' हें विदुषींस चिडविण्याचें नांव. या चित्रांतील बाई कविता करीत बसलेली असते, मूल पाण्याच्या टबांत पडलेलें असतें आणि नवरा हताश असतो. १८४८ मध्यें घटस्फोट मागणाऱ्या व १८४९ मध्यें समाजसत्तावादी स्त्रियांवर अशाच माला निघाल्या. फ्रान्सांत १८१६ पासून घटस्फोटच नव्हता व तो १८८४ पर्यंत आला नाहीं, हें ध्यानांत घेतां या चित्रांतील भीति वस्तुस्थितीची नसून केवळ मागणीची होती असें दिसतें. राजाच्या जुलमावर इतक्या निर्भयपणें बोट ठेवणारा चित्रकार घरांतल्या अधिकाराच्या प्रश्नावर वर्गणीदार नवऱ्याच्या बाजूस उभा राहतो. यावरून स्त्रिया कशा होत्या हें कळत नाहीं. पुरुषांस कशाचें भय वाटत होतें हें मात्र स्पष्ट कळतें. साधन निरुपयोगी ठरलें नाहीं. त्याची साक्ष कोणाविषयीं आहे एवढेंच आपण चुकीचें समजलों होतों.

आतां संग्राहकांसाठीं कांहीं सूचना. 'शारिव्हारी'तील चित्र वर्तमानपत्राच्या पानावर छापलेलें असे व त्याच्या पाठीमागें मजकूर असे. हौशी लोकांसाठीं तेंच चित्र स्वच्छ पांढऱ्या कागदावर, पाठ कोरी ठेवून, निराळें विकीत. बाजारांत या दुसऱ्या छाप्यास मोल अधिक, कारण तो सुबक उठतो. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र पहिला अधिक मोलाचा, कारण पाठीमागच्या मजकुरावरून अंकाची तारीख व त्या दिवशीं पत्रांत काय चर्चा चालली होती हें ताडतां येतें. किती तरी संग्राहकांनीं चित्र कापून घेऊन पुठ्ठ्यावर चिकटविलें व उरलेला अंक टाकून दिला. रुमालांतून एकच सुंदर मोडी पत्र काढून घेऊन बाकीचें दप्तर रद्दींत घालणें याहून हें निराळें नाहीं. दुसरें असें कीं चित्राखालील संवाद चित्रकाराचा आहे असें गृहीत धरूं नये. दोम्येच्या बहुतेक चित्रांखालचा मजकूर पत्राच्या कचेरींत इतरांनीं लिहिलेला आहे. चित्र एक सांगतें आणि मजकूर दुसरेंच, असेंहि आढळतें. अशा वेळीं दोन साक्षी वेगवेगळ्या नोंदवाव्या. तिसरें, प्रत्येक चित्राच्या तारखेसमोर त्या वेळीं कोणता कायदा चालू होता हें टिपून ठेवावें. जें चित्र निघालें तें एक साधन. जें निघूं शकत नव्हतें तें दुसरें. लुई देल्तेय यानें दोम्येच्या जवळजवळ चार हजार शिळाछापांची अनुक्रमवार यादी १९२५ पासून प्रसिद्ध केली व फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें या पत्रांचे पुष्कळ अंक संगणकावर पाहण्यास खुले केले आहेत. त्यामुळें ही पडताळणी आतां घरबसल्या करतां येते.

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाहीं. १८४१ सालीं लंडनांत 'पंच' निघालें तें आपणांस लंडनचें शारिव्हारी म्हणवूनच; आणि १८५४ सालीं मुंबईस 'पारसी पंच' निघालें, त्याचेंच पुढें 'हिंदी पंच' झालें. ज्यांच्या संग्रहीं या पत्रांचे सुटे अंक असतील त्यांनीं तीं चित्रें काढून न घेतां अंक अंक म्हणूनच जपावे, ही विनंति. चित्रांतील हसणारे व ज्यांस हसलें ते दोघेहि आतां गेले. त्यांच्यामध्यें कोणत्या भिंती होत्या हें चित्र सांगत नाहीं. तें तारीख सांगते, पाठीमागचा मजकूर सांगतो, आणि त्या वर्षाचा कायदा सांगतो. तीं तिन्हीं एकत्र ठेवणें एवढेंच संग्राहकाच्या हातीं आहे, आणि तें पुरेसें आहे.